‘कृमिदंत’ म्हणजे जंतूंचा शोध नव्हे!

१/८ पेण असो वा रोहा, दात किडला की आजही ‘कीड लागली’ असेच म्हटले जाते. याच शब्दावर स्वार होऊन एक दावा समाजमाध्यमांवर फिरतो : दंतरोगाचे जंतू आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच शोधले होते. हा दावा इतिहास म्हणून चुकीचा आहेच. शिवाय तो खऱ्या अपराध्याला मोकळे सोडतो.

२/८ सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘कृमिदंतक’ वर्णिला आहे. दात काळा पडणे, त्याला छिद्र पडणे, तो हलणे, स्राव, सूज आणि निमित्तावाचून तीव्र ठणका. निरीक्षण विलक्षण अचूक आहे. परंतु दोष सांगितला आहे तो वाताचा. नावात कृमी, कारणमीमांसेत वात! यात बॅक्टेरिया पाहणे म्हणजे ग्रंथ न वाचताच त्याचा जयजयकार करणे होय.

३/८ दातातला किडा ही एकट्या भारताची कल्पनाही नव्हे. मेसोपोटेमियातील एका मंत्रात किडा ईआ देवाकडे दात आणि हिरडी यांत वस्ती मागतो. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत, आपल्याकडे भुईरिंगणीच्या. ओव्याच्या धुरीनंतर दिसणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने बियांतून बाहेर पडलेले वळलेले अंकुर होते.

४/८ १६८३ मध्ये लेवेनहूकने दातांवरील किटणात सूक्ष्मजीव पाहिले. पण त्यांचा किडीशी संबंध जोडला नाही. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने किड्याची कल्पना नाकारली आणि साखरेकडे बोट दाखवले.

५/८ हे दोन धागे जुळवले विलोबी मिलर यांनी, १८९० च्या ग्रंथात. काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले, तर ते झिजले. लाळ उकळून घेतली, तर झिजले नाहीत. म्हणजे जंतू पिष्ट-शर्करेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवते.

६/८ पुढचा पुरावा लज्जास्पद मार्गाने आला. १९४५ नंतर स्वीडनमधील विपेहोल्म या संस्थेतील मतिमंद रुग्णांना, त्यांच्या संमतीविना, चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. निष्कर्ष : जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार खाल्लेला चिकट गोड पदार्थ सर्वाधिक घातक.

७/८ आज आपण जाणतो की हे जंतू तोंडातले नित्याचे रहिवासी आहेत. दातांवरील आम्लता साधारण ५.५ पीएचखाली गेली की दातांतील खनिजे विरघळू लागतात. सवड मिळाली तर लाळ ती झीज भरून काढते. दर तासाला बिस्कीट खाणाऱ्या मुलाच्या लाळेला ती सवड मिळतच नाही. आणि ‘गूळ चालतो’ म्हणणाऱ्यांनो, गुळातही प्रामुख्याने तीच शर्करा असते.

८/८ ‘कीड’ म्हटले की शत्रू बाहेरून आलेला वाटतो. मग धुरी घेतली जाते, मिश्री लावली जाते, ‘दुधाचे दात पडणारच’ म्हणून मुलाचा ठणका दुर्लक्षिला जातो. आणि बिस्किटाचा पुडा मात्र निर्दोष सुटतो. गणेशमूर्तींच्या पेणमध्ये चतुर्थीचा मोदक कुणी सोडू नये. वर्षातून एकदाचा मोदक दात पोखरत नाही, दिवसभराचे चघळणे पोखरते. सुश्रुताचा खरा आदर त्याच्या निरीक्षणशक्तीचा वारसा चालवण्यात आहे. त्याच्या तोंडी मिलरचा सिद्धांत घालण्यात नाही.