लोकेशन पाठव म्हणजे नक्की काय?

मंडळी, पावसाळा आला की कोकणातल्या ग्रुपांवर मेसेज सुरू: "देऊळवाडीत पाणी शिरलंय, मदत पाठवा." आता आमच्या कुडाळच्या आसपास देऊळवाड्या किती, मोजा! जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा बाहेरगावाहून मदतीला आलेल्यांना वाड्यांची नावं काय कळणार? म्हणून माझं मत: स्वयंसेवकाने दोरी-टॉर्चच्या आधी अक्षांश-रेखांश शिकावेत.

रेंज गेली की जीपीएस गेलं, हा गैरसमज आधी काढून टाका. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि मेसेज पाठवायला. फोन उपग्रहांचं नुसतं ऐकतो. त्याला किमान चार उपग्रह लागतात. चौथा खास फोनच्या घड्याळाची चूक काढायला. माडांखालून बाहेर या, मिनिटभर थांबा.

खरा घोळ लिहिण्यात होतो. कुडाळ साधारण १६.०१ उत्तर, ७३.६९ पूर्व. हे अंश दशांशात आहेत. कुणी ७३ अंश ६९ मिनिटं वाचलं तर चूक लगेच कळते, कारण मिनिटं साठाच्या आतच. पण १६.०१ चं '१६ अंश १ मिनिट' कुणी केलं तर शंकाही येत नाही, आणि होडी जाते पाऊण किलोमीटर उत्तरेला. पुरात तेवढं अंतर म्हणजे कदाचित भंगसाळीचा दुसरा काठ!

तेव्हा सगळ्यांनी एकच पद्धत ठेवा: दशांशचिन्हापुढे चार आकडे. चौथा आकडा म्हणजे जेमतेम ११ मीटर, म्हणजे घर सापडतं. आणि फोनवर सांगितलेत तर समोरच्याकडून परत वाचून घ्या.