जेमतेम ०.४ टक्के

शोधनिबंधाचा दाखला किती जणांनी दिला, यावर आज नेमणुका आणि बढत्या ठरतात. आम्हाला हे घातक वाटतं.

चार्ल्स पेडरसन यांचंच पाहा. डॉक्टरेट न केलेला हा रसायनतज्ज्ञ अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत ४२ वर्षं राबला. एकदा एका अभिक्रियेत भलताच पदार्थ निघाला, तोही जेमतेम ०.४ टक्के: पांढरे, रेशमी तंतूंसारखे स्फटिक. दुसऱ्या कोणी ते फेकून दिले असते. मिथेनॉलमध्ये ते धड विरघळेनात. सोडियम हायड्रॉक्साइड घालताच विरघळले. पेडरसन यांना उमगलं, रेणूच्या कड्यात मधोमध सोडियमचा आयन बसला आहे! पुढे अशाच कड्यांमुळे पोटॅशियम परमँगनेट चक्क बेंझिनमध्ये विरघळलं आणि बेंझिन जांभळं झालं.

या ‘क्राऊन ईथर’वरचा निबंध १९६७ साली, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी आला. डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांनी ते काम पुढे नेलं. १९८७चं नोबेल तिघांत विभागून मिळालं. आज त्या निबंधाचे दाखले जगभर दिले जातात. पण स्फटिक हाती आले, तेव्हा मोजायला एकही दाखला नव्हता.

निवड समित्यांनी उमेदवाराचा एक तरी निबंध मुळातून वाचावा, ही आमची मागणी आहे.