घराबाहेरचें जग : तीन नगरांचा प्रवास, आपल्याच हिशेबानें

भिवंडीजवळील दापोडे येथें आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. ठिकठिकाणचा माल तेथें उतरतो, नोंदला जातो व पुढें जातो. ज्या गांवीं वस्तूंनीं इतका प्रवास करावा, तेथील माणसांनाही जग पाहण्याची इच्छा व्हावी, यांत नवल तें काय? तेथील एका एकत्र कुटुंबानें आम्हांस विचारिलें आहे कीं, दोघे बंधु व त्यांच्या पत्नी अशा चौघांना यात्राकंपनीवांचून, बेताच्या खर्चांत, युरोपांतील दोनतीन नगरें पाहतां येतील काय? वडील मंडळींचें मत कंपनीबरोबरच जावें असें आहे. शिवाय दोघी सुना एकाच वेळीं बाहेर पडल्या तर घर कोणी पाहावें, हाही प्रश्न आहेच.

वडिलांची भीति अगदींच अनाठायीं नाहीं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांस परक्या मुलखांत विचारपूस करण्याचा संकोच वाटतो, त्यांनीं खुशाल कंपनीचा आश्रय घ्यावा. परंतु धडधाकट व चौकस माणसांना स्वतंत्र प्रवास अवघड नाहीं. त्यास धाडसापेक्षां तयारी अधिक लागते. शेजारच्या कल्याणचेंच उदाहरण घ्या. ज्यांचें माहेर कल्याणचें, त्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचल्या. परंतु त्यापूर्वीं रोझेल येथील कार्पेंटरबाईंशीं त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार चालला होता. परक्या देशांत उतरावयाचें घर आधींच ठरलेलें होतें. धाडस जगानें पाहिलें. तयारी मात्र पत्रांतून झाली होती.

आतां प्रत्यक्ष बेताकडे वळूं. आम्ही प्राग, व्हिएन्ना व बुडापेस्ट हीं तीन नगरें सुचवितों. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेनें सुमारें चार तासांवर, आणि तेथून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आंतबाहेर. विमानाचें तिकीट जातांना प्रागचें व येतांना बुडापेस्टचें काढावें, म्हणजे आल्या वाटेनें परतण्याचा दिवस व खर्च दोन्ही वांचतात. रेल्वेचीं तिकिटें आगाऊ घेतल्यास बहुधा स्वस्त पडतात. प्रागला चार, व्हिएन्नास पांच व बुडापेस्टला तीन रात्री पुरेशा आहेत. ऐन उन्हाळ्यांतील गर्दी टाळून सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ धरावा; मात्र पितृपक्ष व नवरात्र पंचांगांत पाहूनच तारखा ठरवाव्या.

तिन्ही देश शेंगेन संघांतले असल्यामुळें एकच परवाना पुरतो. ज्या देशांत मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे अर्ज करावयाचा. म्हणजे वरील बेतांत ऑस्ट्रियाकडे. अर्ज निघण्यापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो व निदान पंधरा दिवस आधीं करावाच लागतो. आम्ही म्हणूं, दोनतीन महिने हातीं ठेवा. जून २०२४ पासून प्रौढास ९० युरो शुल्क पडूं लागलें असून अर्ज नाकारला तरी तें परत मिळत नाहीं. म्हणून परवाना हातीं येईपर्यंत रद्द करतां येतील अशाच खोल्या घ्याव्या. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो.

नाण्यांचा घोळ ध्यानांत ठेवावा. ऑस्ट्रियांत युरो चालतो, चेक देशांत कोरुना, हंगेरींत फोरिंट. तेथील यंत्रावर कार्ड लावतांच ‘रुपयांत वसूल करूं काय?’ असें विचारलें, तर नकार द्यावा. त्या सोयीचा दर बहुधा महाग असतो. व्हिएन्नाच्या नळास आल्प्सच्या झऱ्यांचें पाणी येतें, तेव्हां बाटल्या विकत घेऊं नयेत. तेथील सरकारी संगीतनाट्यगृहांत उभें राहून पाहण्याचीं तिकिटें अल्प दरांत मिळतात. एकूण अंदाजाचा दहावा भाग अडीअडचणीसाठीं निराळा ठेवावा, आणि मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीस हात लावूं नये. तेवढ्यांत बसत नसेल, तर एक नगर कमी करावें.

स्वयंपाकाची सोय असलेलें बिऱ्हाड घेतल्यास शाकाहारी मंडळींचा खर्च पुष्कळ वांचतो. पण येथें आमची एक अट आहे. डाळतांदूळ बरोबर घेऊन दोघी जावांनीं तेथेंही चूलच सांभाळावी आणि बंधुद्वयानें नगर पाहावें, असें होणार असेल तर तो प्रवास नव्हे, स्वयंपाकघराचें स्थलांतर होय. पाळी चौघांनीं घ्यावी. भात शिजविण्यास पुरुषांस कोणतें शास्त्र आड येतें?

राहिला घराचा प्रश्न. खर्चाच्या वहींत पहिली ओळ विमानाची नसावी, मागें राहणाऱ्यांची असावी : स्वयंपाकास बाई, औषधांची नोंद, रात्रीं सोबतीस माहेरवाशीण किंवा विश्वासू आप्त. एवढें लिहून झाल्यावर सारा बेत, गाड्यांच्या वेळा व मुक्कामांचे पत्ते वडिलांपुढें ठेवावे आणि त्यांच्या शंका घ्याव्या. शंका विचारणारा वडील हा प्रवासाचा शत्रु नसतो, त्याचा पहिला परीक्षक असतो. आणि वडिलांसही आमची नम्र विनंति कीं, ज्या सुनांनीं इतकीं वर्षें हें घर राखलें, त्यांच्यासाठीं घरानें बारा रात्री स्वतःस राखावें. तेवढें जमलें, तर पुढचीं तिकिटें काढणें सोपें आहे.