कुलूप सरकारचें, कर्ज मात्र कारागिराच्या माथीं!

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आम्ही एक रोकडा सवाल करतों. साऱ्या गांवाच्या जिवासाठीं एखाद्याच्या दुकानाला कुलूप घातलें, तर त्या कुलपाची किंमत कोणी द्यावी? गांवानें कीं त्या एकट्यानें? न्याय म्हणेल, गांवानें. सन २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथींत सरकारनें जें उत्तर दिलें तें याच्या नेमकें उलट होतें. साथ सरली म्हणून हा हिशेब मिटला असें कोणी समजूं नये. खतावणी उघडल्यावांचून येणें कोणाचें व देणें कोणाचें हें कळत नसतें.

२५ मार्च २०२० पासून सारा देश बंद झाला. साथ भयंकर होती, माणसें मरत होतीं; दुकानें बंद ठेवलीं हेंच चुकलें, असें आम्ही म्हणत नाहीं. नाभिक, परीट, शिंपी, कुंभार, वाजंत्री यांनीं तो हुकूम मुकाट्यानें पाळला. नाभिकाचा धंदा तर गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावल्यावांचून होतच नाहीं. महाराष्ट्रांत त्याचें दुकान तीन महिने बंद राहून २८ जून २०२० रोजीं उघडलें, तेंहि केस कापण्यापुरतें. दाढीला मनाई कायमच होती. आठवडे बाजार बंद, म्हणून कुंभाराचे माठ ऐन उन्हाळ्यांत आव्याजवळ पडून राहिले. लग्नसराई बुडाली आणि वाजंत्र्यांचे ताशे खुंटीला लागले. आम्हां मास्तरांचा पगार थोडा मागेंपुढें झाला, पण बुडाला नाहीं. ज्यांचीं मुलें आमच्यापुढें बसतात त्यांची चूल मात्र रोजच्या मिळकतीवर पेटते. साथ एक, हुकूम एक. पण झळ सारखी नव्हती.

मग मदत कोणती आली? १२ मे २०२० रोजीं वीस लाख कोटि रुपयांची घोषणा झाली. हा आंकडा फळ्यावर मांडावयाचा तर दोनावर तेरा शून्यें द्यावीं लागतात. कारागिराच्या पदरीं त्यांतलीं शून्यें तेवढीं आलीं!

त्यांतील लहान उद्योगांची मोठी योजना म्हणजे सरकारी हमीचीं तीन लाख कोटींचीं कर्जें. तारण नको, जामीन नको. ऐकावयास किती गोड! पण अट काय? २९ फेब्रुवारी २०२० रोजीं ज्याच्या नांवावर कर्ज बाकी होतें त्यालाच, त्या बाकीच्या वीस टक्क्यांपर्यंत, नवें कर्ज. ज्याची बाकी पांच कोटि, त्याला एक कोटि; ज्याची बाकी शून्य, त्याला शून्याचे वीस टक्के. शून्याला कशानेंहि गुणिलें तरी शून्यच, हें आमच्या तिसरींतल्या पोरालाहि ठाऊक आहे. ज्याला बँकेनें पूर्वीं कधीं दारांत उभें केलें नाहीं, त्याला साथींतहि उभें करावयाचें नाहीं, असाच याचा अर्थ झाला.

जून २०२० मध्यें रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठीं दहा हजारांची योजना निघाली. वेळेवर फेडणाऱ्यास सात टक्के व्याजाची सवलत होती, हें खरें. पण तेंहि कर्जच, आणि तें शहरांत विकणाऱ्यांचें. खेड्याच्या बाजारांत टोपली घेऊन बसणारी आमची बहीण त्यांत कोठेंच नव्हती.

पुढें दुसरी लाट आली. १३ एप्रिल २०२१ रोजीं राज्य सरकारनें ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदलेले फेरीवाले, परवान्याचे रिक्षावाले, बांधकाम मजूर व घरकामगार यांस दरडोई १,५०० रुपये. त्यांना मिळाले याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं, तेहि आपलेच. पण त्याच महिन्यांत ज्याचें दुकान दुसऱ्यांदा बंद झालें, तो नाभिक त्या यादींत नव्हता. हा कोणता न्याय?

कर्ज म्हणजेच मदत, असें कांहीं शहाणे सांगतात. त्यांना आम्ही विचारतों: तीन महिन्यांचे वाढलेले केस कितीदां कापले जातात? एकदांच! बुडालेल्या दोन खेपांचे पैसे पुढें कोणी देत नाहीं. जी मिळकत परत यावयाचीच नाहीं, तिच्या जागीं कर्ज देणें म्हणजे उपाशी माणसाला जेवण न देतां खानावळीचें बिल देणें होय.

दुसरें म्हणतात, तिजोरींत पैसा नव्हता. मग शेजाऱ्यांच्या तिजोऱ्या काय सोन्याच्या होत्या? कर्नाटक सरकारनें मे २०२० मध्यें नाभिक व धोबी यांस ५,००० रुपये जाहीर केले. आंध्र प्रदेशानें जूनमध्यें शिंपी, नाभिक व धोबी अशा सुमारें २ लाख ४७ हजार लोकांस १०,००० रुपये दिले. तें कर्ज नव्हतें, मदत होती. साथ तेथेंहि होती. इच्छा मात्र तेथें अधिक होती.

तिसरें म्हणतात, कारागिरांची नोंदच नव्हती. मतांच्या यादींत नांव सांपडतें, रेशनच्या यादींत सांपडतें, मग मदतीच्याच वेळीं कसें हरवतें? सप्टेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें अठरा प्रकारच्या कारागिरांची योजना काढली. तींत नाभिक, परीट, शिंपी, कुंभार सारे मोजले आणि खेड्यांत पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडे दिली. म्हणजे मोजावयाचें ठरविलें कीं मोजतां येतें! हीच यादी साथीच्या आधीं कां झाली नाहीं?

उरली कायद्याची सबब. २०२० सालीं दुकानें बंद करतांना ज्या कायद्यांचा आधार घेतला त्यांत १८९७ चा साथरोग कायदा होता. प्लेगच्या वेळीं परक्या सरकारनें केलेला हा कायदा कांहीं दयाळू नव्हे. तरीहि साथीच्या उपायांचा खर्च, नुकसानभरपाई असल्यास तीहि धरून, कोणी व कसा सोसावा हें ठरविण्याचा अधिकार त्याच्या दुसऱ्याच कलमानें सरकारला दिला आहे. गोऱ्या साहेबालाहि भरपाई हा शब्द सुचला. आपल्या सरकारनें त्या कायद्यांतला दंडुका तेवढा उचलला आणि भरपाई कागदांतच ठेवली.

बलुत्याची पद्धत लाचारीची होती. ती मोडली तें बरेंच झालें. पण पडत्या काळीं पायलीभर दाणे देणारें खळें गेलें, तर त्या जागीं हक्काची मदत उभी करणें हें सरकारचें काम आहे. आम्ही भीक मागत नाहीं.

आमचें मागणें साधें आहे. साथींत ज्या दिवशीं दुकान बंदचा हुकूम निघेल, त्याच दिवशीं भरपाईचाहि हुकूम निघावा. ती कर्ज नसावी. कारागिरांची यादी ग्रामपंचायतींत तयार असावी व ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी, म्हणजे खरें नांव गळणार नाहीं व खोटें घुसणार नाहीं.

आणि बंधूंनो, आपणहि हात जोडून बसूं नका. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाहीं. त्यासाठीं दलालाला पैसा देऊं नका. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें गांवच्या शाळेंत यावें, अर्ज आम्ही भरून देऊं. येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा व त्याची नक्कल मागून घ्या. पुढची साथ विचारून येणार नाहीं. ती आली तेव्हां सरकारजवळ कुलूप तयार असेल. आपल्याजवळ यादी तयार असली पाहिजे.