पेशवाईचा अस्त आणि ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’



सत्तेच्या अस्ताचे चित्रण करणारे काव्य वाचताना आपण बहुधा त्यात रणभूमी शोधतो. पेशवाईच्या बाबतीत घटनाक्रम तुम्हांला परिचित आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले. दुसरा बाजीराव साताऱ्याच्या दिशेने निघाला आणि अनेक महिन्यांच्या भटकंतीनंतर जून १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला. वार्षिक ८ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन त्याने उरलेले आयुष्य ब्रह्मावर्तास काढले. प्रभाकरासारख्या शाहिरांनी या अस्तावर पोवाडे रचले. परंतु त्या शोकात सर्व प्रजा सहभागी होती काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात जन्मलेल्या कवयित्रीने दिले आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर १३ वर्षांनी झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्यानंतर १८९२ साली ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे त्यांचे चरित्रकाव्य प्रसिद्ध झाले. त्याची रचना ध्यानात घ्या. आधी पेशवाई, मग आंग्लाई आणि त्यानंतर जोतिबा, असा हा क्रम आहे. राज्याचा अस्त हा येथे कथेचा शेवट नसून एका मोठ्या कथेची पूर्वपीठिका आहे.

पेशवाईविषयीच्या भागात भर आहे तो प्रजेच्या दैन्यावर. अस्पृश्यांच्या गळ्यातील गाडगे आणि कमरेचा झाडू या काव्यात येतात. शनिवारवाड्यावरील निशाण उतरण्यापूर्वीच ही सत्ता आतून पोकळ झाली होती, असे ही चित्रे सुचवतात. ज्यांना चालण्याचा रस्ताही मोकळा नव्हता, त्यांनी राज्य राखण्यासाठी का झुरावे? माझ्या मते या काव्याचे मर्म येथे आहे. राज्यकर्त्याविषयी प्रजेला वाटणारी आस्था संपते, तेव्हाच सत्तेचा अस्त सुरू होतो. रणांगणावरील पराभव त्याची नंतर नोंद करतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. पेशवाईचा निषेध करताना सावित्रीबाई इंग्रजी अमलाचे स्वागत करतात, म्हणून ही दृष्टी एकांगी आहे, असे म्हटले जाते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. इंग्रजांनीही राज्ये गिळंकृत केली. १८४८ साली छत्रपती शहाजी यांच्या निधनानंतर औरस वारस नसल्याचे कारण दाखवून त्यांनी साताऱ्याची गादी खालसा केली. करांच्या ओझ्याखाली शेतकरी कसा भरडला जात होता, हे जोतीरावांनीच १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये परखडपणे मांडले आहे. तेव्हा आंग्लाईचे दुसरे अंग या घरास अज्ञात नव्हते.

मग स्वागत कशाचे? त्याच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. साताऱ्यात एक गादी संपत होती आणि पुण्यात ज्यांना अक्षर निषिद्ध होते, त्यांच्या हाती पाटी येत होती. स्वागत आहे ते या उघडलेल्या दाराचे. त्या दारातून आत जाताना अंगावर शेण आणि चिखल झेललेल्या शिक्षिकेने ते केले आहे, हे विसरता कामा नये. म्हणून त्यास परकीय सत्तेची केवळ स्तुती म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र तो त्या सत्तेचा संपूर्ण हिशेब आहे, असेही मानू नये.

आपल्या इतिहासकाव्याची परंपरा दरबार, लढाया आणि वीर यांच्याभोवती फिरत आली. सावित्रीबाईंनी तिच्यात वेशीबाहेरचा माणूस आणला आणि राज्य त्याच्या नजरेतून तोलले. परीक्षेत या काव्यावर लिहिताना केवळ ‘पेशवाईवर टीका’ एवढे म्हणून थांबू नका. प्रभाकराचा पोवाडा आणि हे काव्य शेजारी ठेवून वाचा. एकाच अस्ताकडे पाहणाऱ्यांपैकी कोणाला काय गमावल्याचे दुःख आहे आणि कोणाला काय मिळण्याची आशा आहे, हे दोन्हींतून शोधा. तुमचे मत त्या तुलनेतून घडू द्या.