पाय हलका झाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही

अमेरिकेत घर झालं, घराला गॅरेज आलं, की आपल्यातल्या काही मंडळींना जुन्या गाडीचे डोहाळे लागतात. १९६६ ची फोर्ड मस्टँग किंवा १९६० च्या दशकातलीच एखादी व्ही-८ दारात येते. रोजच्या गाडीच्या मऊ पेडलची सवय झालेला पाय पहिल्यांदा तिच्या ब्रेकवर पडतो आणि दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. मग बेत ठरतो: व्हॅक्यूम बूस्टरचं किट मागवायचं आणि शनिवार-रविवारी घरीच बसवायचं.

घरी काम करण्याला माझा विरोध नाही. उलट, स्वतःच्या हाताने नळी जोडणाऱ्याला आपली गाडी जास्त कळते. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक म्हणजे बूस्टर बसवला की ब्रेक ‘सुधारले’ असं मानणं. दुसरी म्हणजे इंजिनाचा व्हॅक्यूम न मोजता किट विकत घेणं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर खर्च करून तुम्ही गाडी आधीपेक्षा धोकादायक करून ठेवू शकता. कशी, ते आकड्यांनीच पाहू.

आधी पहिला गैरसमज. ताशी ६० मैल, म्हणजे सेकंदाला जवळपास २७ मीटर वेगाने चाललेली गाडी किती अंतरात थांबेल? चाकं घसरण्याच्या सीमेवर आहेत असं धरलं, तर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. कोरड्या रस्त्यावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला तर उत्तर येतं सुमारे ४६ मीटर. ओल्या रस्त्यावर तो ०.४ झाला तर ९२ मीटर. या सूत्रात बूस्टर कुठेच नाही. तुमचा पाय चाकं घसरण्याच्या सीमेपर्यंत ब्रेक दाबू शकत असेल, तर त्यापुढचा निर्णय टायर आणि रस्ता घेतात. बूस्टर फक्त त्या सीमेपर्यंत पोचायला लागणारे पायाचे कष्ट कमी करतो.

हे काही कमी महत्त्वाचं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची अंगकाठी लहान आहे, त्यांना अडचणीच्या क्षणी पूर्ण जोर लावता येत नाही. त्यांच्यासाठी बूस्टर ही खरीखुरी सुरक्षितता आहे. ड्रम काढून पुढे डिस्क बसवणाऱ्यालाही त्याची गरज भासते. ड्रममध्ये फिरणारा ड्रमच ब्रेक-शूला आणखी घट्ट ओढून घेतो, त्यामुळे थोड्या जोरात बरंच काम होतं. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नसते. सगळा जोर पेडलकडूनच यावा लागतो.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते तोच कळीचा. ‘व्हॅक्यूम ओढतो’ असं आपण सहज म्हणतो, पण व्हॅक्यूम काहीच ओढत नाही. उसाचा रस स्ट्रॉमधून वर येतो तो बाहेरची हवा त्याला ढकलते म्हणून. बूस्टरमध्येही तेच घडतं. डब्यात एक रबरी पडदा असतो. पाय ब्रेकवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन शोषून घेतं. पेडल दाबलं की झडप उघडते, पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. बेल्जियमच्या आल्बेर द्वॉन्द्र यांनी १९२७ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही जवळपास तशीच चालते.

मदत किती मिळणार, हे पडद्याचं क्षेत्रफळ आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक ठरवतो. ८ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. इंजिन निरोगी आणि साधं असेल, तर रिकामं फिरताना ते पाऱ्याच्या १८ इंचांइतका, म्हणजे साधारण ६१ किलोपास्कलचा फरक देतं. त्यातून जवळपास २००० न्यूटन मिळतात, म्हणजे पाठीशी २०० किलो वजन उभं राहिलं.

पण तुमची गाडी ‘परफॉर्मन्स’ची आहे. तिच्या कॅमशाफ्टमुळे आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप काही काळ एकदमच उघडी राहते. वरच्या फेऱ्यांत त्याने ताकद वाढते, रिकामं फिरताना मात्र व्हॅक्यूम गळतो. सिग्नलला उभं असताना ती दमदार ‘धडधड’ ऐकून आपण खूश होतो, पण तो आवाजच सांगत असतो की इथे व्हॅक्यूम कमी आहे. अशा इंजिनावर गेज ८ इंचही दाखवू शकतं. मग त्याच डब्याची मदत २००० वरून सुमारे ८८० न्यूटनवर येते.

आता खरी मेख. बूस्टर बसवताना आपण फक्त बूस्टर वाढवत नाही, मूळ यंत्रणाही बदलतो. बूस्टर नसलेल्या गाडीत पेडलची तरफ लांब असते, समजा ६ पट, आणि मास्टर सिलिंडर बारीक असतो, समजा ७/८ इंचाचा. बूस्टरच्या मांडणीत तरफ ४ पटीच्या आसपास येते आणि सिलिंडर बऱ्याचदा १ इंचाचा होतो. पहिल्या पिढीच्या कॅमारोच्या पेडलला तर यासाठी दोन भोकं असतात: वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं बूस्टरसाठी.

तुमच्या पायाचा जोर ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलो वजनाइतका धरू. जुन्या मांडणीत, बूस्टरशिवाय, ब्रेकच्या तेलात सुमारे ४६ बार दाब तयार होतो. नव्या मांडणीत १८ इंच व्हॅक्यूम असेल तर तो ६३ बारपर्यंत जातो. उत्तम! पण व्हॅक्यूम ८ इंचच असेल, तर दाब ४१ बार. म्हणजे बूस्टर लावून मूळच्या ‘दगडी’ पेडलपेक्षा कमी. आणि इंजिन बंद पडून साठाही संपला, तर उरतात जेमतेम २४ बार, म्हणजे निम्मेच. आतल्या स्प्रिंगचा विरोध मी सोडून दिलाय. तो धरला तर आकडे आणखी थोडे खाली येतील.

यातला फसवा भाग असा की रस्त्यावरच्या पहिल्या चाचणीत हे कळत नाही. वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि भरपूर व्हॅक्यूम तयार होतो. हायवेवर ब्रेक झकास लागतात. घरी येऊन ड्राइव्हवेमध्ये गाडी मागेपुढे करताना, एकामागून एक दोन-तीनदा पेडल दाबल्यावर, ते अचानक लाकडासारखं होतं. आणि ड्राइव्हवेमध्ये कोण खेळत असतं, हे मी सांगायला नको.

उंचीचाही विचार करा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाबच १०१ ऐवजी ८३ किलोपास्कलच्या आसपास असतो. ढकलणारी हवाच पातळ असेल, तर मदतही तेवढी कमी.

म्हणून माझं मत असं की खरेदीचा क्रम उलटा हवा. पहिली खरेदी व्हॅक्यूम गेजची. इंजिन पूर्ण तापू द्या, गाडी ऑटोमॅटिक असेल तर चाकांना अडसर लावून, कुणाला तरी ब्रेकवर बसवून ती गिअरमध्ये घ्या आणि मग आकडा वाचा. १८ च्या आसपास असेल तर खुशाल पुढे जा. आकडा एक अंकी असेल तर साधं किट तुमच्यासाठी नाही. व्हॅक्यूमची जादा टाकी लावून प्रश्न सुटेल असं सांगणारे भेटतील. टाकी व्हॅक्यूम साठवते, वाढवत नाही. ८ इंच आहेत तर टाकीतही ८ इंचच साठतील. खरे पर्याय तीन: विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप, पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर, किंवा बूस्टरचा नाद सोडून योग्य तरफ आणि योग्य मापाचा मास्टर सिलिंडर. तिसरा पर्याय कमीपणाचा नाही. नीट जुळवलेले साधे ब्रेक अर्धवट बूस्टरपेक्षा केव्हाही बरे.

दुसरी खरेदी दुहेरी मास्टर सिलिंडरची. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये तो एकेरी आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून पुढची आणि मागची यंत्रणा वेगळी झाली. पाय हलका करण्याआधी हा धोका काढणं मला कितीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर टायर, जुन्या रबरी नळ्या, पुढच्या डिस्क आणि पुढच्या-मागच्या ब्रेकमधला समतोल. मागची चाकं आधी अडकली तर गाडी गिरकी घेते, आणि एबीएस नसलेल्या या गाडीत हलकं पेडल त्या चुकीला आमंत्रणच देतं. बूस्टर या सगळ्यानंतर.

काम घरीच करणार असाल तर तीन गोष्टींत तडजोड नको. धातूच्या नळीचं तोंड दुहेरी दुमडलेलंच हवं. बूस्टरचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट हवी. दांडा लांब राहिला तर पेडल सोडूनही ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, तेल तापून फुगतं आणि चाकं हळूहळू जखडतात. आणि शेवटी एक सोपी परीक्षा: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक झालं की तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हे झाल्यावर एखाद्या जाणत्या मेकॅनिकला तासभराचे पैसे देऊन सगळं तपासून घ्या आणि बदल केल्याचं विमा कंपनीला कळवा.

जाहिरातीत ‘अपग्रेड’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, आणि तुमच्या इंजिनाला किती व्हॅक्यूम लागेल हे बारीक अक्षरात. प्रयोगशाळेत आम्ही उपकरण जोडण्याआधी दाब मोजतो, कारण मोजल्याशिवाय जोडलेलं उपकरण कुणाचंच ऐकत नाही. गॅरेजलाही हाच नियम लावा. गेज काही डॉलर्सना मिळतं आणि जोडायला पाच मिनिटं लागतात. तो आकडा कागदावर उतरवल्याशिवाय किटच्या बटणावर बोट ठेवू नका.