टाकळ्याचा पाला लावू का, डॉक्टर?

पावसाळा सुरू झाला की गजकर्णाचे रुग्ण वाढतात आणि हा प्रश्नही हमखास येतो. पुढे जोडलेलं असतं, "नैसर्गिकच आहे ना!"

प्रश्न चुकीचा नाही. टाकळ्याचं एक संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. त्याच्या बियांमधली काही द्रव्यं बुरशीची वाढ रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तिथे काचेच्या बशीत अर्क थेट बुरशीला भिडतो. तुमच्या अंगावर ती त्वचेच्या वरच्या निबर थरात वाढते. औषध तिथे पुरेसं पोहोचायला हवं, काही आठवडे रोज मिळायला हवं आणि त्वचा भाजायलाही नको. वाटलेल्या पाल्यात द्रव्य किती, हे कोण मोजतं?

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर 'गोवा पावडर' वापरत. नाव गोव्याचं, पण ती ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघायची आणि पोर्तुगीजांमार्फत इकडे यायची. तिच्यातलं क्रायसारोबिन टाकळ्यातल्या द्रव्यांच्याच नात्यातलं. गुण यायचा, पण त्वचा लाल होऊन जळजळायची, कपड्यांवर डाग पडायचे. पुढे १९१६ मध्ये त्यावरूनच डायथ्रॅनॉल तयार झालं. ते सोरायसिसवर आजही मोजून-मापून वापरतात.

टी ट्री तेलाची तर माणसांवर चाचणी झाली आहे. पायाच्या बेचक्यांतल्या बुरशीवर ते चार आठवडे लावल्यावर ६४ टक्के लोकांची बुरशी गेली. औषध नसलेलं द्रावण लावणाऱ्यांत ३१ टक्के. काहींना मात्र त्या तेलानेच पुरळ उठलं. कच्चा लसूण बांधून त्वचा भाजल्याच्या नोंदीही आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वनस्पतींमध्ये औषध आहे. पण पाला म्हणजे औषध नव्हे. मोजलेली मात्रा आणि माणसांवरची चाचणी, या दोन गोष्टी झाल्या की मी ते आनंदाने लिहून देईन.

तोवर पाल्यापेक्षा जास्त घातक गोष्ट घरातून काढा: दुकानातून न विचारता आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का बघा. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. त्यातच आता आपल्याकडे टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आढळते.

डॉक्टरांनी दिलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावा आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही दाखवा. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे पूर्ण वाळवूनच घाला. वारंवार होत असेल तर साखर तपासा.

आणि टाकळा? कोवळा असताना त्याची भाजी करा. छान लागते.